बाबांच्या घशात अडकलेला 'हो'

आमच्या ताईचं लग्न एका फळामुळे मोडता मोडता राहिलं, आणि ते फळ धुतलं होतं मी.

(तीन पाण्यांनी. नीट. कोणी असं म्हणू नये की मी काम अर्धवट करते.)

तर भिया, मी पूर्ण किस्सा सुरुवातीपासून सांगते, कारण घरातले बाकीचे लोक हा किस्सा सांगताना बरोब्बर तिथून सुरू करतात जिथे मी किचनमध्ये शिरते! आधीचं सगळं गायब! जसं काही घरात बाकी सगळे संत होते आणि एक मीच नग!

ताई, म्हणजे गौरी, पुण्यात नोकरीला आहे. तिथे तिला समीर भेटला. समीर परब, वेंगुर्ल्याचा. मुलगा एकदम सीधा, हसरा, कमाई चांगली, वरून ताईचं ऐकतो. आता अजून काय पाहिजे? पण ताईने घरी सांगितलं आणि बाबांनी माझ्या जुन्या शाळेच्या वह्यांमधून भारताचा नकाशा शोधून काढला, डायनिंग टेबलवर पसरला आणि पट्टी घेऊन बसले.

"हे बघ. इंदौर इथे. वेंगुर्ला इथे. मधे काय आहे? अख्खा महाराष्ट्र आहे!"

"बाबा, आम्ही पुण्यात राहणार आहोत," ताई व्हिडिओ कॉलवर.

"सासर तिकडे. सणवार तिकडे. समुद्र तिकडे!"

"समुद्राचं काय, बाबा?"

"मला काय माहीत समुद्राचं काय! म्हणूनच तर टेन्शन आहे!"

असे आठ महिने गेले. ताई रोज फोन करायची, बाबा रोज बोलायचे "बघू." बाबा शाळेत पीटीचे सर होते, आता रिटायर झालेत, पण आवाज रिटायर झाला नाही. त्यांचं साधं "बघू" पण अन्नपूर्णा भागातल्या आमच्या पूर्ण गल्लीत ऐकू जातं. म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं की दिघे सरांच्या मोठ्या मुलीचं "बघू" चाललंय.

शेवटी एप्रिलमध्ये बाबा थोडे वितळले. बोलले, "ठीक आहे. येऊ दे त्यांच्या घरच्यांना. भेटतो. पटलं तर तिथल्या तिथे हो म्हणेन, नाही पटलं तर नाही. पण जे म्हणायचं ते समोरासमोर, माझ्या तोंडाने. नंतर कळवतो, आईकडून निरोप, असं काही नाही."

ताई दोन दिवस आधीच इंदौरला आली. आल्या आल्या माझा हात धरला. डोळे भरलेले.

"मनू, बाबांच्या तोंडून फक्त एक हो निघू दे. बस. मला दुसरं काही नको."

"निघेल ताई! मी आहे ना!"

"तू काही करू नको," ताई बोलली. "प्लीज."

आता त्या परबांच्या फोनबद्दल सांगते. निघायच्या आदल्या दिवशी समीरच्या आईचा, म्हणजे परब काकूंचा, आईला फोन आला. आईने स्पीकरवर टाकला, कारण आई एकटीने कोणताच फोन ऐकत नाही.

"वहिनी, येताना बोंडं घेऊन येतो हां. तुमच्याकडे मिळत नसतील."

आईचा चेहरा बघायला पाहिजे होता! बोंडे? इंदौरला मिळत नाहीत? आलूबोंडे? अहो, आमच्याकडे सकाळी पोहे-जलेबी, दुपारी कचोरी, संध्याकाळी बोंडे, आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन पुन्हा पहिल्यापासून! ह्या शहराला बोंडे नाहीत असं बोलणं म्हणजे वेंगुर्ल्याला जाऊन विचारणं, की तुमच्याकडे पाणी येतं का?

पण मेहमान होते. आई गोड आवाजात बोलली, "अहो, कशाला त्रास? इथे नाक्यावर गरम गरम मिळतात."

"गरम?" तिकडून काकू.

"हो, समोर तळून देतात."

तिकडून अगदी हळू आवाजात, "बोंडं... तळून?"

"मग तुमच्याकडे कसे करतात?"

"आमी कच्चीच खातो. मीठ लावून."

फोन ठेवल्यावर आई सोफ्यावर बसली. "अहो, ऐकलंत का? कच्चे बोंडे खातात!"

बाबांनी पेपर खाली केला. "कच्चे? मतलब आतला बटाटा पण कच्चा?"

"तेच तर!"

"मी बोललो होतो," बाबा बोलले. "समुद्र!"

तरी आई मोठ्या मनाची. तिने ठरवलं की त्यांनी आणलेले कच्चे बोंडे आपण गुपचूप तळून घेऊ, कोणाला वाईट वाटायला नको. शनिवारी सकाळी मेहमानांची रिक्षा दारात थांबली तेव्हा आमच्या किचनमध्ये कढईत तेल तापलेलं होतं, हिरवी चटणी भगोनंभर वाटलेली होती, आणि आई हातात झारा घेऊन दारात स्वागताला उभी होती. (काकूंनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं इंदौरला अशीच पद्धत असेल.)

काका उतरले, समीर उतरला, आणि शेवटी काकू उतरल्या, छातीशी बांबूची टोकरी सांभाळत, जशी काही आत सोन्याची मूर्ती आहे. टोकरीवर ओलं फडकं. आणि वास! काय बताऊं, पिकलेला पेरू अत्तर लावून लग्नाला निघाला आणि वाटेत ऊन लागून पडला, असा वास! गोड पण डोक्यात जाणारा. काकूंनी फडकं काढलं. आत लाल, पिवळी, चकाचक फळं. आकार शिमला मिरचीसारखा आणि प्रत्येकाच्या खाली एक राखाडी बी लटकलेली, मोठ्या स्वल्पविरामासारखी.

आईने झारा खाली केला. "हे काय?"

"बोंडं. काजूची."

"हे... तळायचे?"

"अगो बाय, तळतत कशाक!" काकू एकदम मालवणीत गेल्या.

बाबांनी एक फळ उचललं, चष्मा वर केला. "परबजी, हे खाली काय चिकटलंय?"

"काजू."

"काजू? बाहेर?"

"बाहेरच असतो, दिघेसाहेब."

"मग आत काय आहे?"

"आत काही नाही. रस."

बाबा तिथेच थांबले. माणसाने आयुष्यभर दिवाळीत किलोकिलोने काजूकतली खाल्ली आणि साठीनंतर त्याला कळलं की काजू फळाच्या बाहेर लटकतो! बाबा हळूच बोलले, "मी शेंगेत समजत होतो." मी तर काजू कतलीमधूनच येतो असं समजत होते.

काकूंनी मला बजावलं, "त्या बियेला हात लावू नको हां. चीक असतो, कातडी भाजते." मी हात लगेच मागे घेतला. (मोबाईल जवळ नेला. त्या बियेचा क्लोजअप काय लपक, एकदम झकास येतो भिया!) दोन दिवसांच्या प्रवासात निम्मी बोंडं पिचून गेली होती. काकू एकेक पिचलेलं बाजूला काढत होत्या आणि प्रत्येकाला "अरेरे" बोलत होत्या.

मग त्या आईबरोबर किचनमध्ये गेल्या, चांगली बोंडं कापायला. समीर बाल्कनीत ऑफिसच्या कॉलवर. आणि मला वर ताईच्या साडीच्या पिना लावायला पाठवलं. हे लक्षात ठेवा! बोंडं कापताना मी किचनमध्ये नव्हते! काकूंनी त्यात काय टाकलं, का टाकलं, किती वेळ ठेवायचं सांगितलं, ह्यातलं मी काही ऐकलं नाही. मी वर होते, तोंडात चार पिना धरून!

मी खाली आले तर सगळे हॉलमध्ये बसलेले आणि परब काकांची गाडी सुरू झालेली. काकांची स्वतःची काजूची बाग आहे. एरवी शांत माणूस, पण बोंडाचं नाव काढलं की संपलं.

"लोक काजूची बी घेतात आणि बोंडू फेकतात, दिघेसाहेब. झाडाखाली खच पडतो. अहो, सोनं आहे ते! रस काढा, साखर घाला, सरबत होतं. जाम होतो. लोणचं होतं. सिरका होतो. चोथा उरला तर गुरं खातात. आणि फेणी तर काय..."

"फेणी?" आई एकदम खूष झाली. दोन घरांमध्ये काहीतरी सेम निघालं! "अय्या, तुमच्याकडे पण फेणी? आमच्याकडे पण असते की!"

काका थोडे पुढे सरकले. "तुमच्याकडे? इंदौरला?"

"हो! आम्ही दुधात घेतो."

काका-काकूंनी एकमेकांकडे बघितलं.

"दुधात?"

"गरम दुधात. सणाच्या दिवशी तर पहाटे पहाटे. ह्यांना तर दोन वाट्या घेतल्याशिवाय उठवत नाही!"

बाबा लाजून हसले. "आता कमी केलंय. शुगर आहे थोडी."

"आणि... मुलं?" काकूंचा आवाज बसला होता.

"अहो, मुलंच तर जास्त घेतात! ही मनू तर दीड वर्षाची असल्यापासून!"

आणि मी! मला कोणी विचारलं होतं? कोणीच नाही! पण मेहमानांसमोर ताईच्या घराचं इम्प्रेशन पडायला पाहिजे ना! मी उत्साहात बोलले, "हो ना काकू! मला तर केशरवाली आवडते. मी तर शाळेत डब्यात पण न्यायची!"

आता तुम्हाला माहीत असेल की कोकणात फेणी म्हणजे बोंडाच्या रसाची दारू. मला माहीत नव्हतं! आमच्याकडे फेणी म्हणजे त्या बारीक शेवयांच्या गोड जाळ्या असतात, दुधात टाकल्या की विरघळतात, त्या. मला बाबांनी मैत्रिणींबरोबर गोव्याला जाऊ दिलं असतं तर हा प्रॉब्लेम झालाच नसता. (हे मी बाबांना नंतर सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.)

काकूंनी पदर सावरला. काकांनी पाणी प्यायलं. तेवढ्यात ताई साडी सांभाळत खाली आली, समीर कॉल संपवून आत आला, आणि आईने विषय पुढे ढकलला. "मनू, पोहे-जलेबी आण सगळ्यांना. आणि आत भगोन्यात बोंडं आहेत, त्याला मीठ लागलंय का बघ. लागलं असेल तर बाबांना दे आधी, त्यांना कधीची हौस."

मीठ लागलंय का बघ!

आता तुम्हीच सांगा. ह्या वाक्याचा अर्थ काय होतो? आईच्या डोक्यात होतं, मीठ मुरलंय का. माझ्या डोक्यात काय आलं? शर्टाला डाग लागलाय का, बुटाला चिखल लागलाय का, तसं बोंडांना मीठ लागलंय का! मी आत गेले, बघते तर काय, कापलेल्या चकत्या गढूळ पाण्यात बुडालेल्या आणि तळाला मिठाचा थर! मला वाटलं, झालं, काकूंकडून मिठाचा डबा उलटा झाला! बिचाऱ्या नवीन किचनमध्ये गोंधळल्या असतील!

"आई, लागलंय!" मी ओरडले. "खूप लागलंय!"

"मस्त! मग आण!"

मस्त? मला वाटलं आई मेहमानांसमोर सांभाळून घेतेय. मी लगेच पाणी फेकलं. चकत्या धुतल्या. एका पाण्याने समाधान होईना. आम्ही इंदौरचे लोक! आमच्याकडे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली तर लोक अभिमानाने बाहेर येतात! दुसरं पाणी, तिसरं पाणी, प्रत्येक चकती बोटाने चोळून. नंतर प्लेटमध्ये गोल मांडल्या, वरून शेव आणि वरून भरपूर जीरावन. (जीरावन म्हणजे आमचा पोह्यांवर भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला. इंदौरचा माणूस सरबतावर पण टाकेल, अडवलं नाही तर.) चाखून बघायचं सुचलं का? नाही. माझं व्हिडिओ काढणं चालू होतं.

पोहे-जलेबी मेहमानांना दिली, बोंडांची प्लेट बाबांसमोर ठेवली. परब मंडळी जलेबीवर तुटून पडली होती, बोंडं त्यांना घरचीच, त्यात काय. पण बाबांनी पहिली चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"वा! काय रसदार आहे! वा, परबजी!"

दुसरी. तिसरी. बाबा कलिंगड खातात तशी खात होते, म्हणजे चावायचं काम दातांवर न सोपवता. मी बाजूला उभी राहून बोलतेय, "बाबा, अजून घ्या ना! एवढ्या दुरून आणलीत!" चौथी, पाचवी, सहावी. सातव्या चकतीला बाबांचा हात हवेत थांबला. त्यांनी चकती तोंडात टाकली खरी, पण चेहऱ्यावर असा भाव आला जसा रस्त्यात अचानक गाडी बंद पडल्यावर येतो. बाहेरून सगळं ठीक, आत काहीतरी बसलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी परब काकांनी प्लेट खाली ठेवली आणि हात पुसले.

"दिघेसाहेब. मुलांनी एकमेकांना पसंत केलंय. आम्हाला गौरी पसंत आहे." मग काकूंकडे एक नजर टाकून, "प्रत्येक घराच्या काही... सवयी असतात. आम्ही काय जुन्या विचारांची माणसं नाही. आमच्याकडून होकार आहे. आता तुमचा शब्द द्या."

ताईने माझा दंड धरला. एवढ्या जोरात की दुसऱ्या दिवशी पाच बोटं मोजता आली.

बाबा ताठ बसले. छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

"ह्ख्ख्ख."

बस. एवढंच. जो आवाज अख्ख्या ग्राउंडवर चारशे पोरांना सावधान करायचा, त्याच्या जागी एक "ह्ख्ख्ख"! जशी घशात कोणी गोधडी कोंबलीय! बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. "ह्ख... ख्ख..." डोळे लाल. डोळ्यांतून पाणी. एका हाताने टेबल घट्ट धरलेलं.

काकू काकांच्या कानात कुजबुजल्या. कुजबुज अशी की फ्रिजपर्यंत ऐकू आली. "सकाळीच दुधातसून घेतल्यानी की काय?"

मला काही कळलं नाही, पण शांतता मला सहन होत नाही. मी बोलले, "बाबांना असे निर्णय घ्यायला टाइम लागतो!"

ताईने चिमटा काढला.

बाबांना जोरात खोकला आला आणि खोकताना मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

"नाही म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"नाही नाही!" मी ओरडले.

"म्हणजे नाहीच."

"नाही काका, 'नाही' असं नाही म्हणत आहेत!"

"मग कसं नाही म्हणत आहेत?"

बाबांनी हाताने सगळ्यांना थांबवलं, खिशातून मोबाईल काढला. हां! टाइप करतील! बाबा मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, एका अंगठ्याने, आणि चष्मा नको म्हणून अक्षरं एवढी मोठी करून ठेवलीत की गल्लीतून वाचता येतील. त्यांनी 'हो' टाइप केलं आणि अभिमानाने स्क्रीन सगळ्यांसमोर धरली.

स्क्रीनवर अख्ख्या फोनभर लिहिलं होतं, 'नो'.

(एचच्या खालीच, जरा बाजूला एन असतो. अंगठा जाडा. बस. माणसाचं आयुष्य असं बरबाद होतं.)

ताई रडायलाच लागली! समीर उभा राहिला, बिचाऱ्याच्या हातात अर्धी जलेबी. "काका, माझं काय चुकलं?" बाबांनी स्क्रीन वळवून बघितली आणि स्वतःच्या कपाळावर फाडकन हात मारला.

"बघितलंत?" काकू बोलल्या. "आमच्या पोराक बघून कपाळार हात मारतत!"

बाबांची आता जी घालमेल चालली होती ती बघवत नव्हती. ते उठले, धावत देवघरात गेले आणि तिथला पूजेचा नारळ घेऊन आले. नारळ त्यांनी परब काकांच्या हातात ठेवला, वर एक रुपया ठेवला आणि दोन्ही हात जोडले. मी आनंदाने उडीच मारली! आमच्याकडे मुलाकडच्यांच्या हातात नारळ आणि रुपया दिला म्हणजे रिश्ता पक्का! झालं! विषय संपला! मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. "बधाई हो! बधाई हो!"

परब काका नारळाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा नारळापेक्षा कडक झाला.

"नारळ?" ते बोलले. "आम्हाला नारळ दिलात, दिघेसाहेब?"

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. महाराष्ट्रात एखाद्याला 'नारळ देणं' म्हणजे निघा, तुमचं काम संपलं! नोकरीवरून काढतात, टीममधून काढतात, त्याला नारळ देतात! आणि मी त्यांना हाकलताना टाळ्या वाजवत होते!

काकू माझ्याकडे वळल्या. "आमकां घराभायर काढतत, आणि तू टाळ्यो वाजवतंस?"

"काकू, तसा नारळ नाही! हा चांगलावाला नारळ आहे!"

कोण ऐकतंय! काकांनी नारळ टेबलावर ठेवला आणि चपला शोधायला लागले. समीर बोलतोय, "बाबा, थांबा ना." ताई जमिनीवर बसून रडतेय. आई "अहो, अहो" करत ह्याच्या मागे जाते, त्याच्या मागे जाते. बाबा काकांचा हात धरून "ह्ख! ह्ख!" करत आहेत, आणि काका हात सोडवतात, कारण त्यांना वाटतंय माणसाला चढलीय, आता मारामारी करेल! आठ महिन्यांचं "बघू", आणि दीड मिनिटात सगळं साफ. मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली. ताईकडे बघवेना.

काकूंनी टोकरी उचलली. "बोंडां तरी कशाक ठेवू हंय," असं बोलत त्यांनी बाबांसमोरची प्लेट घेतली. प्लेटमध्ये दोन-तीन चकत्या उरलेल्या. काकू थांबल्या. बोटाने जीरावन बाजूला केलं.

"ह्यां काय?"

"जीरावन," मी बोलले.

"आणि मीठ खंय गेलां?"

"धुतलं."

"काय?"

"मीठ लागलं होतं ना खूप... मी धुतलं. तीन पाण्यांनी."

काकूंनी एक चकती जिभेवर ठेवली. त्यांचं तोंड आवळून मण्याएवढं झालं. त्यांनी प्लेटकडे बघितलं, मग बाबांकडे. लाल डोळे, हात गळ्यावर.

"ह्यांनी किती खाल्ली?"

"सात."

"सात?" काकू टोकरीसकट सोफ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या! असं हसणं की टोकरीतली बोंडं पण हलायला लागली. "अहो, चपला काढा! घसो धरलोहा त्यांचो! बोंडू मिठाशिवाय खाल्लो तर घसो धरता, आवाज बंद! म्हणून अर्धो तास मिठात ठेवूचो असता! आमच्याकडे शेंबडां पोर पण बिनमिठाचां सात खायत नाय!"

काका एका पायात चप्पल घालून थांबले. बाबांनी जोरात मान हलवली, ह्या वेळी वरून खाली. मोबाईलवर पुन्हा टाइप केलं, प्रत्येक अक्षर नखाने. 'हो हो हो हो.' आईने नारळाचं समजावून सांगितलं. मी मिठाच्या पाण्याचा गडवा आणला, आणि बाबा बेसिनवर गुळण्या करायला लागले.

काका बसले. पण मधलं एक राहिलंच होतं. ते घसा खाकरून बोलले, "वहिनी, राग मानू नका. ते... दुधातल्या फेणीचं जरा..."

"अहो, हो! थांबा, डब्यात आहे थोडी, दाखवते," आई उत्साहाने आत गेली. काकांनी डोळे मिटले. आई डबा घेऊन आली, झाकण उघडलं. आत पांढऱ्या बारीक तारांच्या गोड जाळ्या. काकूंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"गोड आसा!"

काकांनी बघितलं, चाखलं आणि मग आईला शांतपणे, एकेक शब्द करून, त्यांच्याकडची फेणी म्हणजे काय ते सांगितलं. आई हळूहळू खुर्चीत खाली गेली. "म्हणजे मी बोलले की ह्यांना पहाटे दोन वाट्या... आणि मनू दीड वर्षाची..."

"डब्यात," काका बोलले. "शाळेत."

ह्यानंतर पंधरा मिनिटं कोणीच सलग वाक्य बोलू शकलं नाही. ताई पण रडता रडता हसत होती, काजळ गालावर. काकांनी टेबलावरचा नारळ पुन्हा उचलला, नीट मांडीवर ठेवला आणि बोलले, "दिघेसाहेब, तुम्ही तोंडाने बोलायची गरज नाही. मी घेतला नारळ." काकूंनी ताईच्या तोंडात साखर घातली. बाबा गुळणीच्या मधेच वळले, हात जोडले, तोंडभर पाणी, डोळ्यांत पण पाणी, आणि ते सगळंच घशामुळे नव्हतं असं मला वाटतं. तरी ते प्रयत्न करतच होते, कारण त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणायचं होतं. दर दोन मिनिटांनी ताईसमोर येऊन उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि "ह्ख्ख." ताई बोलायची, "कळलं बाबा, कळलं."

मी एवढा वेळ फ्रिजच्या आडून बघत होते. काकूंनी मला खूण करून जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरली.

"वहिनी, पोर तुमची गुणाची आहे. कामाला हात भारी! आमच्या वेंगुर्ल्यात माझ्या मावसभावाचा मुलगा आहे, काजूचा कारखाना आहे त्याचा. बोला, हिला पण घेऊन जाऊ का कोकणात?"

मी लाजायची तयारी करत होते. मान खाली घातली होती, केस कानामागे नेले होते.

बेसिनजवळून आवाज आला, "हो!"

असा खणखणीत की खिडकीची काच वाजली, गल्लीतली दोन कुत्री भुंकली आणि समोरच्या भाभीजी गॅलरीत आल्या. ताईसाठी आठ महिने आणि वर एक तास अडकून पडलेला तो 'हो' माझ्या वेळी पाव सेकंदात बाहेर पडला. मुलाचं नाव काय, एवढं सुद्धा विचारलं नाही!